जबानी आणि दप्तर

नर्मदेच्या पाण्याचा आंतरराज्य तंटा मिटविण्यासाठी १९६९ साली जे न्यायाधिकरण नेमण्यात आले, त्याने दहा वर्षे कामकाज चालवून डिसेंबर १९७९ मध्ये आपला अंतिम निवाडा दिला. या दशकभरात गुजरातने आपली कैफियत मांडली, मध्यप्रदेशाने मांडली, महाराष्ट्राने आणि राजस्थाननेही मांडली. पाण्याचा हिशेब दशलक्ष एकरफुटांत तपासला गेला. आणि ज्यांच्या शेतांवरून व चुलींवरून ते पाणी जावयाचे होते ती माणसे मात्र त्या वादात पक्षकार नव्हती, कारण वाद राज्याराज्यांमधला होता आणि राज्ये आपापल्या रयतेच्या वतीने बोलतात हे सर्वांनीच गृहीत धरले होते. महाराष्ट्राच्या हद्दीतील जी ३३ गावे नर्मदेवरील धरणप्रकल्पाच्या बुडितक्षेत्रात आली, ती आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतली. निवाड्यात विस्थापितांच्या पुनर्वसनाची तरतूद आहे, आणि त्या काळाच्या मानाने ती उदार आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. तिच्या अंमलबजावणीचा इतिहास हा निराळ्या लेखाचा विषय आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की पक्षकारांनी परस्परांचे म्हणणे वाचले, त्याला उत्तरे दिली, मुद्दे खोडले व नोंदविले, म्हणजे पाठ्यपुस्तकांच्या व्याख्येप्रमाणे संवादाची सर्व अंगे यथासांग पार पडली, आणि तरीही बुडितातल्या मणिबेली गावच्या माणसापाशी ज्या गोष्टी सांगण्यासारख्या होत्या त्यांना त्या दप्तरात शिरावयास दरवाजाच नव्हता.

हे उदाहरण मी संवादशास्त्राच्या वर्गासाठी निवडले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाबरोबर चार वर्षांची ऑनर्स पदवी आपल्या विद्यापीठांत आली आहे. ती किमान १६० श्रेयांकांची आहे. आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहून संशोधनासह ऑनर्स घेता येते. जुन्या मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आपल्या नावापुढे बी. ए. असे लिहून कंसात ऑनर्स हा शब्द जपून घालीत, त्यात विद्वत्तेइतकाच दर्जाचा अभिमान असे. नव्या व्यवस्थेत तो शब्द परत आला आहे, पण त्याला कोणता आशय द्यावयाचा हे अजून ठरावयाचे आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेतील नंदुरबार जिल्ह्यात, जेथे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी आहे, तेथे संवादशास्त्र ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना शिकवावयाचे झाले तर ते कसे शिकवावे, असा माझा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की या जिल्ह्याला उद्देशून बोलणाऱ्यांची वाण कधीच पडलेली नाही. वाण पडली ती ऐकून घेणाऱ्यांची, आणि ऐकलेले न बिघडवता कागदावर उतरविणाऱ्यांची. म्हणून येथल्या संवादशास्त्राने फर्डे वक्ते घडविण्याचा उद्योग दुय्यम मानावा, आणि माणसाच्या जबानीचे सरकारी, शास्त्रीय वा वृत्तपत्री दप्तरात रूपांतर होताना काय गळते, कशाची भर पडते आणि ती कोणाच्या सोयीने पडते, याच्या शिस्तबद्ध अभ्यासाला मध्यवर्ती स्थान द्यावे.

आज आपल्याकडे या नावाखाली जे शिकविले जाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार संवादकौशल्याचा: मुलाखतीला कसे बसावे, स्वतःचा परिचय इंग्रजीत कसा द्यावा, गटचर्चेत आवाज कोणत्या पट्टीत ठेवावा. याच्या उपयुक्ततेविषयी मला शंका नाही, परंतु तो शिष्टाचाराचा अभ्यास आहे, आणि शिष्टाचारावर ऑनर्सची पदवी देण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार सिद्धान्ताचा. त्यात हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाची १९४८ ची प्रश्नमालिका असते, कोण बोलतो, काय बोलतो, कोणाशी बोलतो, कोणत्या साधनाने व कोणत्या परिणामाने. आणि त्याच वर्षी बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन याने मांडलेल्या गणिती उपपत्तीवरून काढलेली ती आकृती असते, जिच्यात एका बाजूला प्रेषक, दुसऱ्या बाजूला ग्राहक, आणि मध्ये वाहिनीत शिरणारा गोंगाट असतो. शॅननने स्वतः स्वच्छ सांगून ठेवले होते की संदेशाच्या अर्थाशी त्याच्या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही. तार कोठून कोठे किती बिनचूक जाते एवढेच त्याला मोजावयाचे होते. त्या प्रामाणिक माणसाची ही मर्यादा पुढील पाठ्यपुस्तककारांनी सोयीस्करपणे गाळली, आणि टेलिफोनच्या तारेचे चित्र माणसामाणसांच्या व्यवहाराचे चित्र म्हणून वर्गातील फळ्यांवर रूढ झाले. त्याचा अपरिहार्य परिणाम असा, की संदेश पोहोचला नाही तर दोष वाहिनीचा किंवा ग्राहकाचा ठरतो. प्रेषकाने मुळात बोलावयास हवे होते की ऐकावयास, हा प्रश्न त्या आकृतीत कोठे लिहावा यासाठी चौकटच नाही.

आता ज्या विद्यार्थ्यापुढे ही आकृती काढली जाते त्याच्याकडे पाहावे. अक्राणीच्या डोंगरातून आलेली मुलगी घरी पावरी बोलते, शेजारच्या पाड्यावर नोइरी ऐकते, धडगावच्या बाजारात हिंदी व मराठी वापरते, आणि तिचे कुटुंब हंगामात ऊसतोडीसाठी बारडोलीकडे जात असेल तर कामापुरती गुजरातीही तिला येते. तळोदा-अक्कलकुव्याकडचा मुलगा देहवाली बोलतो, नवापूरचा मावची. शहाद्याकडे गुजर व अहिराणी या बोलींचा वावर आहे. या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण घरातील पहिले शिकलेले असतात, आणि म्हणून महाविद्यालयात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी त्यांनी मुकादमाच्या वहीतील उचलीचा हिशेब बापाला वाचून दाखविलेला असतो, तलाठ्याने मागितलेला दाखला कोणता हे आजीला समजावून दिलेले असते, ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरचे मराठी आईसाठी आणि आईचे दुखणे डॉक्टरसाठी अशा दोन्ही दिशांनी भाषांतरित केलेले असते, आणि हे करताना काय सांगावे व काय पोटात ठेवावे याचा विवेकही त्यांनी लहानपणीच केलेला असतो. सिकलसेलचा वाहक म्हणजे काय, तो आजारी नसूनही लग्न ठरविताना ती गोष्ट का पाहावी, हे ज्या मुलाने स्वतःच्या मामाला सांगून पाहिले आहे, त्याला संवादातील गोंगाट म्हणजे काय ते शॅननवाचूनही ठाऊक असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिचे फलक छापले गेले, पण फलकापासून मामाच्या ओट्यापर्यंतचे अंतर अशा मुलांनाच चालावे लागते. अशा अनुभवी दुभाष्याला आपण वर्गात बसवून त्याच्यापाशी संवादकौशल्य नाही असे प्रमाणपत्र प्रथम देतो आणि मग ते शिकवावयास घेतो, याला काय म्हणावे?

पाठ्यपुस्तकांतील दुसरी एक मातब्बर उपपत्ती एव्हरेट रॉजर्सची. आयोवातील शेतकऱ्यांमध्ये संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले याविषयीचे रायन व ग्रॉस यांचे १९४३ चे संशोधन पुढे नेऊन रॉजर्सने १९६२ साली नवविचाराच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडला, आणि समाजाची वाटणी उत्साही अग्रेसरांपासून मागे रेंगाळणाऱ्यांपर्यंत पाच वर्गांत केली. विकासखात्यांना हा सिद्धान्त फार आवडला, कारण त्यात खाते नेहमीच पुढे आणि रयत नेहमीच कमीअधिक मागे असते. पण १९२२ च्या अखेरीस या मुलखात जे घडले ते त्यात कसे बसवावे? किनाऱ्याकडील कोळ्यांमधून निघालेली एक देवी घाट चढून डांग, सुरत व बडोदे संस्थानच्या आदिवासी प्रदेशांत आणि खानदेशातही पोहोचली. ती अंगात येई, गावकऱ्यांना दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, पारशी दारूवाल्यांची चाकरी करू नका असे हुकूम देई, आणि मग एका गावाची माणसे तिला पुढच्या गावाच्या स्वाधीन करीत. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीची साद्यंत हकीकत दिली आहे. छापखाना नाही, व्याख्याता नाही, प्रचारक नेमलेला नाही, आणि काही महिन्यांत हजारो माणसांनी आपली जीवनरीती बदलली. त्यानंतर तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी आरतीच्या निमित्ताने सातपुड्यातील लोकांना एकत्र आणले, एकमेकांना आदराने ‘आप’ म्हणावयास शिकविले, आणि व्यसनमुक्तीचे जे व्रत दिले त्याची परंपरा १९३८ मधील त्यांच्या निधनानंतरही टिकली. ज्यांना रॉजर्सच्या कोष्टकात शेवटच्या रकान्यात टाकावे लागेल त्यांनी प्रसरणाचे असे दाखले निर्माण केले आहेत, आणि हे दाखले ज्या जिल्ह्यातले, त्याच जिल्ह्याच्या वर्गात आयोवाचा मका तेवढा शिकविला जावा, हे मला विद्येच्या दृष्टीनेच चुकीचे वाटते. अस्मितेचा मुद्दा त्यात आणण्याची गरज नाही. आयोवाचा मका अवश्य शिकवावा. पण देवीपुढे तो सिद्धान्त का अडखळतो, हुकूम देणारे मुख आपल्यापैकीच कोणाचे तरी असणे आणि पुढच्या गावाला ती सोपविण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावरच पडणे यांत प्रसाराचे बळ होते काय, हा प्रश्न ऑनर्सच्या विद्यार्थ्याला परीक्षेत पडला पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की पाश्चात्त्य उपपत्ती सोडा, आपल्यापाशी साधारणीकरणाचा सिद्धान्त आहे. भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी रसचर्चेत मांडलेल्या या कल्पनेवरून भारतीय संवादशास्त्र उभारण्याचा प्रयत्न गेल्या काही दशकांत आपल्या अभ्यासकांनी केला आहे, आणि भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान मिळाल्यापासून त्याला राजाश्रयही लाभला आहे. प्रयत्न विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात श्रोत्याला निष्क्रिय पात्र न मानता सहृदय मानले आहे. परंतु सहृदय होण्यासाठी काव्याच्या अनुशीलनाने मन आरशासारखे स्वच्छ झालेले असावे लागते, म्हणजे वक्ता व श्रोता एकाच संस्कारात वाढलेले असावे लागतात. प्रेक्षागृहात ही अट भागते, तहसील कचेरीत भागत नाही. मामलेदार आणि वनजमिनीचा दावेदार यांच्यामध्ये समान संस्काराचा अभाव हीच तर मूळ अडचण आहे, आणि जो सिद्धान्त समानतेपासून सुरुवात करतो तो या अडचणीच्या अलीकडेच थांबतो. काश्मीरच्या आचार्यांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही, ते नाट्याविषयी बोलत होते. दोष आपला, की एका आयात उपपत्तीचा कंटाळा आला म्हणून आपण दुसरी, तितकीच दूरस्थ, केवळ ती आपल्या देशातली म्हणून जवळची मानतो.

मग जवळचे काय? शहादे तालुक्यातील वाहरू सोनवणे यांच्या १९८७ च्या ‘गोधड’ या संग्रहातील ‘स्टेज’ ही कविता मी संवादशास्त्राच्या पहिल्या आठवड्यात लावीन. ते १९७२ च्या सुमारास शहाद्यात उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेले कार्यकर्ते. आणि ही कविता जमीनदारांविरुद्ध नाही, ती चळवळीतील मित्रांकडे पाहून लिहिलेली आहे, हे तिचे विशेष. व्यासपीठावर कोण चढतो, खाली कोण बसतो, आणि एकाचे दुःख दुसऱ्याच्या तोंडून त्यालाच ऐकविले गेले म्हणजे त्या दुःखाचे काय होते, हा त्या कवितेचा विषय आहे. लासवेलच्या प्रश्नमालिकेत जो प्रश्न राहून गेला, तो या कवीने थोड्या ओळींत विचारला: कोण बोलतो हे तर पाहाच, पण कोणाच्या जागी बोलतो? आणि ही कविता मनात ठेवून विद्यार्थ्यांनी २९ सप्टेंबर २०१० चा टेंभली येथील समारंभ अभ्यासावा. शहादे तालुक्यातील त्या छोट्या गावात देशातील पहिला आधार क्रमांक एका आदिवासी स्त्रीला देण्यात आला. पंतप्रधान मनमोहनसिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या, छायाचित्रे जगभर गेली. या वेळी गावकरी व्यासपीठावर होते, हा फरक लहान नाही. परंतु त्या व्यासपीठावर त्यांच्याकडून काय अपेक्षित होते, स्वीकारण्याखेरीज दुसरी कोणती क्रिया त्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावे होती, आणि पुढील वर्षांत वार्ताहर पुनःपुन्हा टेंभलीला जाऊन काय विचारीत राहिले, याची वृत्तपत्रांच्या संग्रहातून तपासणी करणे हे कोणत्याही विद्यापीठात शोभेल असे काम आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या जिल्ह्यात ज्या संवादावर माणसांचे आयुष्य अवलंबून असते तो बहुधा सभेत किंवा पडद्यावर घडत नाही; तो बोललेल्या शब्दाचा कागद होताना घडतो. कचेरीबाहेर सावलीला टेबल मांडून बसणारा अर्जनवीस पाहावा. त्याच्यापुढे एक माणूस उकिडवा बसून सांगू लागतो: आजा कोठून आला, जंगल कोणी तोडले, रानडुकरांनी कोणत्या वर्षी पीक खाल्ले, फॉरेस्टवाल्याने बैल केव्हा नेले, भाऊ कसा वारला. या कथनात कालक्रम नाही, पण क्रम आहे, कारण ते जागेच्या अनुरोधाने चालते, या दगडापासून त्या नाल्यापर्यंत. अर्जनवीस ते ऐकतो आणि लिहितो: ‘मी खाली सही करणार विनंती अर्ज करतो की’. त्या एका साच्यात नाला जातो, बैल जातो, आजा ‘पूर्वज’ होतो, आणि उरतो एक गट क्रमांक व एक मागणी. अर्जनवीस लबाड नाही. साचा पाळला नाही तर कारकून अर्जच स्वीकारणार नाही हे त्याला पुरते माहीत आहे, आणि तो आपल्या गिऱ्हाइकाचे कामच करीत आहे. हॅरॉल्ड इनिस या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास असे प्रतिपादिले की कागदासारखी हलकी साधने दूरवरच्या प्रदेशावर सत्ता चालविण्यास अनुकूल असतात, आणि प्रत्येक साधनाचा स्वतःचा एक कल असतो. इनिसचा तो कल शिकविण्यासाठी रोमन साम्राज्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. धडगावची कचेरी पुरे.

भाषाशास्त्राच्या दप्तरातही हेच घडलेले आहे. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भारतीय भाषापाहणीचा भिल्ली व खानदेशी बोलींचा खंड १९०७ साली निघाला. या बोलींचा तो मोलाचा दस्तऐवज आहे आणि त्यावाचून कोणाचे चालत नाही. पण त्या पाहणीसाठी प्रत्येक बोलीतून प्रथम मागविलेला नमुना होता बायबलातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीचा, म्हणजे सातपुड्याची वाणी दप्तरात शिरली ती दुसऱ्याची गोष्ट सांगत. तुलनेसाठी समान मजकूर हवा, ही ग्रियर्सनची गरज शास्त्रीय होती. विद्यार्थ्याने ती गरजही समजून घ्यावी आणि तिची किंमतही.

या पार्श्वभूमीवर २००६ च्या वनहक्क कायद्याची नियमावली पाहिली म्हणजे थक्क व्हावयास होते. तिच्या तेराव्या नियमात पुराव्यांची जी यादी आहे, तीत गावातील वडीलधाऱ्यांचे, म्हणजे दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे, लेखी उतरवून घेतलेले निवेदन हा ग्राह्य पुरावा मानला आहे. गॅझेटिअर, वनखात्याचे नकाशे, पावत्या यांच्या पंक्तीला म्हाताऱ्याची आठवण बसविली गेली. परंतु ‘लेखी उतरवून’ या दोन शब्दांत सगळे आले. कोणी उतरविली, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, उलट वाचून दाखविली काय, अंगठा कोठे घेतला? ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हास्तरीय समिती या तीन पायऱ्यांवर दावा चढतो तेव्हा वर जातो तो कागद. म्हातारा खालीच राहतो. कायद्याने दरवाजा उघडला, पण दरवाजापर्यंत नेणारा लेखक कोण याची व्यवस्था केली नाही, आणि नेमके तेथे ऑनर्सच्या चौथ्या वर्षाचे काम सुरू होते. एका गावातील, संबंधितांच्या संमतीने घेतलेल्या, मोजक्या जबान्या मूळ बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांचे देवनागरीत शब्दशः लेखन करावे. त्यांचे मराठी करावे. त्याच विषयावर दाखल झालेला अर्ज शेजारी ठेवावा. आणि चार मजकुरांमध्ये वाक्यावाक्याला काय बदलले याचा हिशेब द्यावा. यासाठी भाषाशास्त्र लागेल, कायदा लागेल, कथनमीमांसा लागेल, इतिहास लागेल. चार वर्षांच्या पदवीला वजन यावे इतके लागेल.

मात्र ऐकणे म्हणजे आपोआप पुण्यकर्म अशी समजूत या विषयात झपाट्याने पसरते, आणि पावलो फ्रेअरे या ब्राझिलियन शिक्षणतज्ज्ञाचे नाव घेणाऱ्या आपल्या मित्रमंडळींत तर फारच. तिचा वेळीच बंदोबस्त केला पाहिजे. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम हा उत्तम श्रोता होता. तो त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यांत बसला-उठला, त्यांचा विश्वास त्याने संपादन केला, आणि मग त्याच भिल्लांच्या पलटणीने डोंगरातील इतर भिल्लांचा बंदोबस्त केला. सत्ता बहिरी असते हे अर्धसत्य आहे. गरज पडते तेव्हा तिला उत्तम ऐकू येते. म्हणून ऐकलेल्याची मालकी कोणाची हा प्रश्न पद्धतिशास्त्राच्या पहिल्या पानावर हवा. विद्यार्थी त्या समाजातला असला म्हणजे हा प्रश्न सुटला असेही नाही: शिकलेला वळवी किंवा पाडवी आडनावाचा मुलगा पावऱ्यांच्या पाड्यावर परकाच असतो, आणि स्वतःच्या पाड्यावरही कागद वाचू शकणारा म्हणून त्याच्या हाती एक प्रकारची जहागीर येते. कालचा अर्जनवीस जाऊन उद्याचा ऑनर्स पदवीधर दलाल त्याच्या टेबलाशी बसला, तर विद्यापीठाने जिल्ह्यावर उपकार केले असे म्हणता येणार नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो. शहरातील मुले इंग्रजी शिकून बंगळुरास जाणार, आणि डोंगरातल्या मुलांनी आपल्या आज्याच्या जबान्या लिहीत बसावे, ही समतेच्या वेषातली वेठबिगार नव्हे काय? ज्यांनी आयुष्यभर शिक्षणातून मुलखाबाहेर पडण्याची वाट पाहिली, त्यांना तुमचा मुलूख हेच तुमचे विद्यापीठ असे सांगणारा बहुधा स्वतः मुलखाबाहेर सुखरूप असतो, हा टोमणा मला मान्य आहे. म्हणून स्पष्ट सांगतो की इंग्रजी कमी करावे असे मी म्हणत नाही; प्रबंधाचा सारांश इंग्रजीत, परकीय परीक्षकापुढे टिकेल अशा इंग्रजीत, लिहिता आलाच पाहिजे. परंतु चार मजकुरांतील भेद वाक्यनिहाय सिद्ध करून दाखविणारा विद्यार्थी न्यायालयात, आरोग्यखात्यात, वृत्तसंस्थेत वा भाषांतराच्या यंत्रणा बनविणाऱ्या कंपनीत ज्या कामाचा ठरेल, त्या कामाला नुसती गटचर्चा गाजविणारा पोहोचणार नाही. स्थानिक विषय आणि स्थानिक भवितव्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॅननचा विषय न्यूयॉर्कच्या तारांचा होता, आणि त्याचे गणित कोठल्या कोठे गेले.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा एक विसरलेला दाखला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकावयाचा, मग मंडळाने त्यावर चर्चा करावयाची, आणि शंका व मते केंद्राला कळवावयाची. पॉल न्यूराथ यांनी केलेल्या मूल्यमापनात, रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळकपणे अधिक आढळली. म्हणजे यंत्रापेक्षा मंडळाचा गुण मोठा होता. त्या पाच जिल्ह्यांत खानदेश नव्हता. आणि पुढे देशभर योजना वाढली तेव्हा मंडळाकडून केंद्राकडे जाणारी बाजू क्षीण होत गेली, जशी ती बहुतेक योजनांत होते. करोनाच्या काळात सातपुड्यात रेंज मिळावी म्हणून मुले टेकड्या चढत होती, तेव्हाही आपण चर्चा केली ती मनोऱ्यांची.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न, आणि तो किरकोळ नाही, कारण आपल्याकडे अभ्यासक्रम परीक्षेच्या आकाराचाच होतो. संशोधनासाठीची ७५ टक्क्यांची रेषा मला या जिल्ह्यात अन्यायाची वाटते. घरच्या भाषेपासून परीक्षेच्या भाषेपर्यंत ज्याला अधिक अंतर चालावे लागते त्याचे गुण त्या अंतरातच खर्च होतात, आणि या विषयात तर तीच माणसे सर्वाधिक पात्र आहेत. रेषा बदलणे महाविद्यालयाच्या हाती नाही. तोंडी परीक्षेची पद्धत मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. मार्गदर्शकाला पावरी किंवा देहवाली येत नसेल, आणि बहुधा येत नाही, तर जाणकार गावकऱ्याला मानधन देऊन सहपरीक्षक म्हणून बसवावे. प्रबंध विद्यापीठाकडे जाण्यापूर्वी, ज्या गावातून जबान्या घेतल्या त्या गावच्या ग्रामसभेपुढे तो त्यांच्या बोलीत सांगावा; हे आम्ही म्हटलेच नव्हते, हे गाळलेस का, हे लिहू नकोस असे जे आक्षेप निघतील ते आक्षेप घेणाऱ्याच्या संमतीने परिशिष्टात जोडावेत; जे लिहू नये असे ठरेल ते काढून टाकावे, मग प्रबंध त्याने दुबळा झाला तरी चालेल; आणि बारा श्रेयांकांपैकी चार त्या परिशिष्टासाठी राखून ठेवावेत. परिशिष्ट कोरे आले, म्हणजे एकही आक्षेप निघाला नाही असे विद्यार्थी सांगू लागला, तर परीक्षकाने त्याला पुन्हा त्या गावी पाठवावे.